तिसरा जोड

११ नोव्हेंबर

ठिणगी,

वर आशीर्वाद लिहिलेले नाहीत. नऊ वर्षांनी पहिलं पत्र पाठवायचं आणि तू ते न फोडता परत केलंस तर त्यासोबत माझे आशीर्वादही परत यायचे. त्यापेक्षा ते इथेच राहू देत. हवे असतील तेव्हा आईकडून मागून घे. तुम्हा दोघींचं फोनवर बोलणं चालतं हे मला माहीत नाही अशी तुझ्या आईची समजूत आहे, आणि मी ती मोडलेली नाही.

पत्राचं कारण माफी वगैरे नाही. संस्थेतून बोलावणं आलं आहे. जानेवारीत मॅडमच्या जन्माला शंभर वर्षं होतील. संचालक स्वतः घरी आले, चौथ्या मजल्यापर्यंत जिना चढून, धापा टाकत. म्हणाले, "मास्तर, मॅडमचं पहिलं गळतीशोधक यंत्र आम्ही पुन्हा उभं करतोय. पंप सापडला, मापक सापडलं, काचेचा फुगा तेवढा फुटलाय. तो तुमच्याशिवाय कोण करणार?" मी म्हटलं, विचार करून सांगतो. ते खाली पोचायच्या आत माझा विचार झालेला होता, पण माणसाला जरा ताटकळू द्यावं.

तुझी आई आतून म्हणाली, "चौऱ्याहत्तराव्या वर्षी फुंकायला छातीत हवा आहे का?" मी म्हटलं, भरपूर आहे, बेचाळीस वर्षं तुझ्यापुढे तोंड उघडायला मिळालं नाही, ती सगळी साठली आहे.

तुला सांगायला नको, तरी सांगतोच. औषधाच्या कुपीपासून फ्रिजच्या नळीपर्यंत कुठे केसाएवढी भेग असली तर आज ती ज्या यंत्राने सापडते, ते मॅडमचं यंत्र माझ्या काचेत जन्मलं. आठवीच्या पुस्तकात धडा आहे. हवा काढून घेतलेला काचेचा फुगा दाबाच्या मापकाला जोडलेला होता, मॅडमच्या हातून स्पिरिटची बाटली कलंडली, चार थेंब काचेवर उडाले, मापकाचा काटा हलला आणि मॅडमना युक्ती सुचली. धड्यात माझा उल्लेख नाही, आणि नसू दे. क्ष-किरण सापडले ते काचेच्या नळीत, इलेक्ट्रॉन सापडला तोही काचेच्या नळीत, आणि त्या नळ्या कुणी फुंकल्या हे कुणी विचारत नाही. शोध लावणाऱ्याचा फोटो लागतो, फुंकणाऱ्याचे गाल दुखतात. माझा अभिमान वेगळाच आहे. चौतीस वर्षांच्या नोकरीत माझा एकही जोड गळला नाही. हे वाक्य तू बोलायला शिकलीस तेव्हापासून मी तुला ऐकवत आलो, आणि तू नेमका त्याच वाक्याला हात घातलास.

नऊ वर्षांपूर्वी तू लेखात लिहिलंस की तो फुगा गळत होता. मॅडमच्या वहीतली एक ओळ शोधून काढलीस: "तिसरा जोड गळतो. मास्तर म्हणतात, काच आपलीच." संस्थेने मला विचारलं. मी लेखी दिलं की ती ओळ दुसऱ्याच कुठल्यातरी फुग्याबद्दल आहे, यंत्राचा फुगा निर्दोष होता. तुझा लेख परत आला. संस्थेतली जागा तुला मिळणार होती, ती दुसऱ्याला मिळाली. लोक म्हणाले, पोरगी नाव व्हावं म्हणून बापाच्या मुळावर उठली. मी तसं म्हणालो नव्हतो. म्हणणाऱ्यांना गप्पही केलं नाही.

असो. मी परत फुंकायला चाललो आहे, एवढंच कळवायचं होतं.

बाबा


२७ नोव्हेंबर

ठिणगी,

उत्तर आलं नाही. पत्र परतही आलं नाही. तेवढ्या भांडवलावर हे दुसरं.

आपलं वर्कशॉप आता एक बाई चालवते, तुझ्याच वयाची असेल. हातावर भाजल्याचे डाग आहेत, म्हणजे काम करणारी आहे. पहिल्या दिवशी मी सगळीकडे नाक खुपसून पाहिलं. खिडकी तीच, तिच्याखालचं टेबल तेच, कडेला माझ्या बर्नरने जळलेला काळा पट्टाही तोच. तिने विचारलं, "मास्तर, काच यंत्रावर फिरवू की हाताने करणार?" मी नुसतं तिच्याकडे पाहिलं. तिने यंत्रावर कापड टाकलं. समजूतदार आहे.

एरवी चहाचा कप उचलताना माझा हात थरथरतो. तुझ्या आईने अर्धाच कप भरायला सुरुवात केली आहे, त्यावर आम्ही बोलत नाही. पण ज्योतीसमोर हात बसला की बसला. नळीची दोन टोकं तापवायची, लाल होऊन मध पडतो तशी झुकायला लागली की एकमेकांना टेकवायची, दोन्ही हातांनी एकाच गतीने फिरवत राहायचं आणि वाजवीपेक्षा कमी फुंकायचं. नवशिके जास्त फुंकतात. आयुष्यभर मी लोकांना हेच शिकवलं, कमी फुंका. माझ्या बोलण्याला हा नियम लागू नव्हता, असं तुझी आई म्हणते.

फुगा झाला. तीन जोड. भट्टीत सावकाश थंड केला आणि ताण बघायच्या पेटीत धरला. दोन काळ्या काचांच्या मधे धरलेल्या वस्तूत ताण असेल तर तिथे रंग दिसतात, नसेल तर अंधार. माझा फुगा काळाकुट्ट. वर्कशॉपवाली बाई दोन मिनिटं वाकून पाहत होती. मग म्हणाली, "असं काम मी फक्त ऐकलं होतं."

तू लहानपणी त्याच पेटीत तुझी प्लास्टिकची पट्टी धरून रंग पाहत बसायचीस. त्या दिवशी तू तिथे असायला हवी होतीस, असं मला वाटलं. वाटलं ते लिहिलं.

बाबा


१० डिसेंबर

ठिणगी,

काल रंगीत तालीम झाली.

मोठ्या हॉलमध्ये यंत्र उभं केलं आहे. कार्यक्रमाला शाळांतली मुलं येणार, त्यांच्यासमोर संचालक मॅडमचा प्रयोग करून दाखवणार. पंप सुरू झाला, फुग्यातली हवा गेली, काटा खाली येऊन स्थिर झाला. संचालकांनी ब्रश स्पिरिटमध्ये बुडवून तिसऱ्या जोडावर फिरवला. काटा हलला नाही. पुन्हा फिरवला. दुसऱ्या जोडावर, पहिल्यावर, मग सगळ्या फुग्याला जवळजवळ आंघोळ घातली. हॉलभर स्पिरिटचा वास, काटा मात्र ढिम्म.

"मापक बिघडलंय का?" त्यांनी विचारलं.

पंपवाला म्हणाला, "मापक ठणठणीत आहे."

"मग काटा का हलत नाही?"

माझी मान ताठ झाली. मी म्हटलं, "हलेल कसा? स्पिरिटला आत शिरायला वाट नको का? जोड माझा आहे."

त्यावर वर्कशॉपवाली बाई बोलली. टोमणा नव्हता, तिला खरंच प्रश्न पडला होता. म्हणाली, "मास्तर, मग तेव्हा कसा हलला?"

मी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि बसची वेळ झाली म्हणून निघालो. बसला अजून पाऊण तास होता.

घरी तुझ्या आईने विचारलं, काय झालं? म्हटलं, काटा हलला नाही. ती म्हणाली, "म्हणजे काम चांगलं झालं ना?" मग तिने हातातली भाजी खाली ठेवली आणि म्हणाली, "पोरगी एवढंच विचारत होती, नऊ वर्षांपूर्वी. तुम्ही तिला दार दाखवलंत."

मी चिडलो. म्हटलं, तुला काचेतलं काय कळतं? ती म्हणाली, "काचेतलं नाही कळत. तुमच्यातलं कळतं." रात्रीचं जेवण आम्ही न बोलता केलं. दोघांनाही मीठ कमी लागलं, पण मागायचं कुणी?

आज सकाळी तुझा लेख काढून वाचला. माझ्याकडे प्रत आहे. फेकली नव्हती. तू लिहिलं आहेस, गळती नसती तर गळतीशोधक सापडलाच नसता. सरळ गोष्ट आहे. तो धडा पंचवीस वर्षं पुस्तकात आहे, लाखो मुलांनी पाठ केला, शिक्षकांनी शिकवला, आणि हा प्रश्न कुणाला पडला नाही. तुला पडला. माझ्या घरात वाढलेल्या मुलीला पडला, हे मला काल बसस्टॉपवर सुचलं आणि बरं वाटलं. बरं वाटायला नको होतं खरं म्हणजे.

बाबा


२० डिसेंबर

ठिणगी,

गळका जोड करणं इतकं अवघड असेल असं वाटलं नव्हतं.

संचालक म्हणाले, मुलांना प्रयोग दाखवायचा तर काटा हललाच पाहिजे, काहीतरी करा. चौऱ्याहत्तराव्या वर्षी मला मुद्दाम वाईट काम करायला सांगणारा पहिला माणूस. पहिल्या खेपेला जोड अर्धवट तापवला, तरी बसला घट्ट. दुसऱ्या खेपेला इतका कच्चा ठेवला की पंप लावताच फुटून खाली आला. तिसऱ्या खेपेला पुन्हा घट्ट. हात ऐकेनात. वर्कशॉपवाली बाई हसू दाबत म्हणाली, "मास्तर, जरा मन लावून बिघडवा ना."

शेवटी मी मोडीच्या खोक्यातून एक वेगळ्या काचेची नळी काढली आणि तिचा चार बोटं तुकडा कापून तिसऱ्या जोडात घातला. दोन्ही काचा दिसायला जुळ्या बहिणी, पण तापल्यावर एक जास्त फुगते, एक कमी, आणि थंड होताना भांडतात. पेटीत धरलं तर जोडाभोवती लाल, निळं, पिवळं कडं. दुसऱ्या दिवशी तिथे भेग पडली, डोळ्याला दिसणार नाही अशी. काल तिच्यावर स्पिरिटचा ब्रश फिरवला आणि काटा टणकन उडाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. उभ्या आयुष्यात माझ्या चांगल्या जोडाला कुणी टाळी वाजवली नव्हती. मी खुर्ची ओढून बसलो.

आता लिहितो ते नीट वाच. एक्केचाळीस वर्षांपूर्वी, तुझ्या जन्माच्या आधी, मॅडमना फुगा तातडीने हवा होता आणि आपल्याकडची नेहमीची कडक काचेची नळी संपली होती. पलीकडच्या विभागातल्या काचवाल्याकडे दोन पेट्या भरून होती. त्याला आम्ही फुंक्या म्हणायचो. मागितली असती तर त्याने दिली असती. पण आठवड्यापूर्वीच मी चारचौघांत म्हणालो होतो की फुंक्याच्या हातात काचसुद्धा रडते. त्यानंतर त्याच्या दारात कुठल्या तोंडाने जाणार? लोक ताकाला जाऊन भांडं लपवतात. मी ताकालाच गेलो नाही. मोडीतून एक तुकडा उचलला आणि काम भागवलं. तो वेगळ्या काचेचा असेल, नकळत हातात आला असेल.

म्हणजे तुझं बरोबर होतं. फुगा गळत होता. मी संचालकांना काल लेखी दिलं आहे की माझं नऊ वर्षांपूर्वीचं निवेदन चुकीचं होतं, ते रद्द समजावं. पोचपावती घेतली आहे. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, पावती सोबत जोडली आहे, ती बघ.

बाबा


१२ जानेवारी

ठिणगी,

कार्यक्रम झाला. आईने फोनवर सांगितलं असेलच, पण ती मागच्या रांगेत होती आणि अर्धा वेळ तिच्या डोळ्यांत पाणी होतं, तेव्हा तिने काय पाहिलं देव जाणे. मी सांगतो.

मला दोन मिनिटं बोलायला दिली होती. संचालकांनी कागद हातात दिला होता, त्यावर मॅडमचं मोठेपण लिहिलेलं. त्यांनी आधीच सुचवलं होतं, "मास्तर, निवेदनाचं आपण नंतर बघू, आज सोहळा आहे." मी कागद घडी करून खिशात घातला. समोर चारशे मुलं. मी म्हटलं, "हा तिसरा जोड गळका आहे. एक्केचाळीस वर्षांपूर्वी मी केलेला जोडही गळका होता, नकळत चुकीची काच लागली होती. मॅडमनी ती गळती पकडली आणि तिच्यातून असं यंत्र केलं की जगाला कुठलीही गळती पकडता यावी. दुसरा कुणी असता तर फुगा फेकून दिला असता आणि मला शिव्या घातल्या असत्या. मॅडमनी चुकीला विचारलं, तू कुठून आलीस? असं विचारणाऱ्याला शास्त्रज्ञ म्हणतात." मग म्हटलं, "पण आपल्या पुस्तकातला धडा हे सांगत नाही. मॅडमनी काचेतली गळती शोधली. धड्यातली गळती माझ्या मुलीने शोधली. तिचं कुणी ऐकलं नाही, कारण मी तिच्याविरुद्ध लिहून दिलं होतं."

संचालक टेबलाकडे पाहत होते. पुढच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. "म्हणजे आमच्या पुस्तकात चूक आहे?" मी म्हटलं, हो. तिने वहीत लिहून घेतलं. ते पाहून माझी छाती इतकी फुगली की ज्योत नव्हती म्हणून बरं.

यानंतर प्रयोग झाला, काटा उडाला, पोरांनी हॉल डोक्यावर घेतला. यंत्राशेजारच्या पाटीवर "मास्तरांच्या निर्दोष काचेत" असं लिहिलेलं होतं. वर्कशॉपवाली बाई स्क्रूड्रायव्हर घेऊन आली आणि कुणाला न विचारता तिने पाटी उतरवली.

बाहेर पडताना एक म्हातारा काठी टेकत समोर आला. ओळखायला वेळ लागला. फुंक्या. म्हणाला, "माझ्याकडे दोन पेट्या पडून होत्या रे." मी म्हटलं, माहीत होतं. तो म्हणाला, "तू आला असतास तर मी दिली असती. शिव्या घालून दिली असती, पण दिली असती." मग आम्ही कँटीनमध्ये बसलो. त्याचाही कप अर्धाच भरला होता.

तुझा लेख संस्था आता स्मरणग्रंथात छापणार आहे, तुझी परवानगी असेल तर. ते तुला लिहितील. मी कुणाच्या हातापाया पडलो नाही. एवढंच म्हणालो, छापला नाही तर पुढच्या कार्यक्रमात पुन्हा दोन मिनिटं बोलेन.

मला तुझा अभिमान वाटतो. हे आधीच्या पत्रांत आडवळणाने लिहीत होतो, आता सरळ लिहिलं.

बाबा


६ फेब्रुवारी

ठिणगी,

तुझं पत्र आलं. तुझ्या आईने ते माझ्या आधी दारातच फोडलं. उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाली, "एवढंच?" एक पान. वर मायना नाही, खाली सही नाही, बाबा हा शब्द नाही. आकडे घालून पाच प्रश्न. तिला रडू आलं. मला हसू आलं, खूप वर्षांनी असं पोटातून. माफ केलं की नाही ते नंतर, आधी पुरावा. अशीच हवीस. भाषणावर भाळून लेख छापायला दिला असतास तर मला तुझी काळजी वाटली असती.

उत्तरं देतो. जोड केल्याची तारीख विचारलीस, ती मॅडमच्या वहीतल्या त्या ओळीच्या दोन दिवस आधीची. दुपारची वेळ, कारण सकाळी मी नळीची फडताळं रिकामी आहेत हे पाहिलं होतं. तुकडा मोडलेल्या एका जुन्या उपकरणाचा होता, चार बोटं लांब, कापताना कानशीने पाडलेली खाच फुटलेल्या फुग्याच्या तुकड्यांत अजून दिसते. ते तुकडे संस्थेत कपाटात आहेत, तपासून घे. साक्षीदार म्हणशील तर फक्त फुंक्या, आणि तोही इतकंच सांगू शकेल की मी नळी मागायला आलो नाही. आल्याचा साक्षीदार असतो, न आल्याचा हा एकच.

चौथा प्रश्न: मॅडमना माहीत होतं का? होतं. काटा हलला त्या संध्याकाळी त्या वर्कशॉपमध्ये आल्या, स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, तिसऱ्या जोडाची काच कुठली?" मी म्हटलं, आपलीच. "बरं," म्हणाल्या, आणि उठल्या. बाटली कलंडल्याची गोष्ट त्यानंतर त्यांनीच सांगायला सुरुवात केली. बाटली कधी कलंडली नव्हती. जोडावर स्पिरिट त्यांनी मुद्दाम लावून पाहिलं होतं, कारण त्यांना संशय आला होता. ते खरं सांगितलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, संशय कशाचा? म्हणून हुशारीने लावलेला शोध त्यांनी धांदरटपणाच्या नावावर लिहिला. मी इतकी वर्षं ती गोष्ट ऐकून मान डोलावली. हे सगळं छाप. मोठं कोण होतं ते मुलांना कळू दे.

तुझा पाचवा प्रश्न: निवेदनावर सही करताना तुम्हाला माहीत होतं का?

हा प्रश्न तू सगळ्यांत शेवटी ठेवलास. मी उत्तर द्यायला चार दिवस घेतले. तुझ्या आईने दोनदा विचारलं, पत्र टाकायचं आहे का? मी म्हटलं, एक उत्तर राहिलंय. तिने कुठलं ते विचारलं नाही.

हो, माहीत होतं.

वेगळी काच ज्योतीत वेगळी वागते, पहिल्या फुंकेला हाताला कळतं. माझ्यासारख्याला न कळणं शक्यच नाही, आणि तुला हे ठाऊक आहे म्हणून तू विचारलंस. जोड करताना माहीत होतं. मॅडमना आपलीच म्हणालो तेव्हा माहीत होतं. नऊ वर्षांपूर्वी तू लेख घेऊन माझ्यासमोर बसलीस आणि म्हणालीस, "बाबा, गळला म्हणून तर शोध लागला, यात तुमचा कमीपणा कसला?" तेव्हाही माहीत होतं. तू खरं लिहिलं आहेस हे माहीत असताना मी सही केली आणि तुला खोटं पाडलं. तुझी जागा गेली ती माझ्या विसरण्यामुळे नाही. हॉलमध्ये मी नकळत म्हणालो, तेही खोटं होतं. चारशे मुलांसमोर मला तेवढंच जमलं.

हे जसंच्या तसं छाप, एक शब्द मऊ न करता. आणि मी गेल्यावर नको, मी असताना छाप. म्हणजे कुणी येऊन विचारलं, मास्तर, हे खरं का, तर मला हो म्हणता येईल.

बाबा